माहेरबाई

नमस्कार-चमत्कार काही नाही. समोर नवा माणूस आला की आमच्या लॅबच्या प्रमुख बाई आधी विचारायच्या, "तुमच्या आईच्या आईचं माहेर कुठलं?" बँकेतला कारकून, एसी दुरुस्त करायला आलेला माणूस, संस्थेचे नवे संचालक, कुणाचीही सुटका नाही. म्हणून लॅबमध्ये आम्ही त्यांना माहेरबाई म्हणायचो. अर्थात पाठीमागे. त्यांना ते माहीत होतं आणि आवडायचंही, असा माझा दाट संशय आहे.

अंधेरीतल्या त्या संस्थेत मी मुलाखतीला गेलो, तेव्हा मलाही तेच विचारलं. मी जाडजूड पुस्तकं पाठ करून गेलेलो, आणि आजीचं माहेर काही सांगता येईना. "मग लाव की आईला फोन," बाई म्हणाल्या. मी नाहूरला घरी फोन लावला. आमची आई मालवणकडची, वडील गिरणी बंद पडेपर्यंत गिरणीत. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती बाई नोकरी देतली काय लगीन जुळवतली रे?" स्पीकर चालू होता. बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मला नोकरी मिळाली.

काम असं होतं की माणसांच्या थुंकीतून डीएनए काढायचा आणि त्यांचे पूर्वज कुठून, कधी, कुणाबरोबर या किनाऱ्यावर आले ते शोधायचं. त्या डीएनएचा एक छोटा तुकडा फक्त आईकडून येतो. आईला तिच्या आईकडून, तिला तिच्या आईकडून, असा हजारो वर्षं मागे जातो. बाईंचा जीव त्या तुकड्यावर. "बापाचं नाव सातबाऱ्यावर असतं, आडनावात असतं," त्या म्हणायच्या, "आईच्या आईच्या आईचं नाव कुणाच्या तोंडात नाही. बिचारी फक्त पेशीत उरलीय."

एकदा एक स्थानिक पुढारी आले. शाल वगैरे घेऊन. आमचीच माणसं इथली मूळची, असं तुमच्या शिक्क्यानिशी लिहून द्या, म्हणाले. बाईंनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, "मूळचं कुणी नाही हो. सगळे पाहुणेच. कुणी आधी आलं, कुणी नंतर, एवढाच काय तो फरक." शाल परत गेली. "बरं झालं," बाई म्हणाल्या, "रंग भयंकर होता."

पण त्या दिवसापासून त्या सावध झाल्या. कुणाचा डीएनए कुणाच्या हाती लागेल आणि तो त्याचं काय करेल, याची त्यांना मनापासून भीती वाटायला लागली. म्हणून त्यांनी नियम केला. नमुना आला की थोड्याच दिवसांत नळीवरचं नाव काढून टाकायचं. उरायचा तो फक्त नंबर आणि गाव. कुठला नंबर कुणाचा, हे नंतर खुद्द बाईंनाही सांगता यायचं नाही. "नाव पुसलं की पुसलं," त्या म्हणायच्या. या नियमाचा त्यांना अभिमान होता.

पश्चिमेकडच्या एका कोळीवाड्यात आम्ही नमुने घ्यायला गेलो, तेव्हा मी बाईंबरोबर होतो. थुंकी देण्याआधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नसतं, आणि कोळीवाड्यात पाहुण्याला चहा दिल्याशिवाय कुणी तोंड उघडत नाही. "आधी थुंका, मग चहा," बाईंचा दारोदार एकच पाढा. त्यात नळी समोर धरली की माणसाचं तोंड हमखास कोरडं पडतं. मग बाई कैरीचं वर्णन सुरू करायच्या. कैरीची फोड, वर तिखटमीठ, दात आंबलेत. माझ्याच तोंडाला पाणी सुटायचं. हिरूमावशी म्हणून मासळी विकणाऱ्या बाई होत्या, त्यांच्या ओट्यावर त्यांचा मुलगा निलेश नळी हातात घेऊन उभा होता. "आये जन्मभर सांगते थुकू नको," तो म्हणाला, "आन् ही बाय सांगते थुक!" सगळा ओटा हसला. मावशींनी स्वतःची थुंकी दिली नाही. त्यांना लाज वाटली.

पुढच्या वर्षी निलेशची बोट समुद्रात उलटली. बाकीचे परत आले. तो आला नाही आणि त्याची मयतही सापडली नाही. घरच्यांनी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला.

काही महिन्यांनी हिरूमावशी लॅबमध्ये आल्या. रडल्या नाहीत. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाल्या, "माझे पोराची थुकी तुमचेकडं हाय ना? ती दे बाय. मला राख पन नाय मिळाली."

बाईंचा चेहरा पडला. फ्रीझरमध्ये त्या कोळीवाड्याच्या नळ्या रांगेने होत्या आणि एकीवरही नाव नव्हतं. "मावशी, नाव मीच काढून टाकलंय," त्या म्हणाल्या. मावशींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हजार वरसांपूर्वीची माणसं तुला गावतात. माझा पोर गावत नाय?"

गावला असता. तीच तर पंचाईत होती. मावशींचा डीएनए घेऊन गावातल्या सगळ्या नळ्यांशी ताडून पाहिला असता, तर मुलगा सापडला असता. पण एकाला शोधायचं तर बाकीच्यांच्या घरात डोकावावं लागतं. कोण कुणाचा भाऊ, कोण कुणाचा बाप, सगळं आपसूक दिसतं, आणि ते बघणार नाही असा शब्द बाईंनी गावाला दिला होता. त्यांनी नाही म्हणून सांगितलं. मावशी उठून गेल्या. बाईंनी जेवणाचा डबा उघडला आणि तसाच बंद केला.

दुसऱ्या आठवड्यात बाई कोळीवाड्यात गेल्या आणि ज्यांनी ज्यांनी थुंकी दिली होती त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. "एकानेही नको म्हटलं तर करणार नाही," असं आधीच सांगायच्या. बोट चालवणारे एक म्हातारे तांडेल नको म्हणाले. बाईंनी मान डोलावली, चप्पल घातली. आम्ही रिक्षात बसलो तेव्हा तांडेल मागून आले आणि रिक्षाचा दांडा धरून म्हणाले, "कर बाय. काय दिसंल ते पोटात ठेव."

हिरूमावशींचं तोंड त्या दिवशी कोरडं ठणठणीत होतं. बाईंनी कैरीचं नाव काढलं नाही. नुसत्या शेजारी बसून राहिल्या. नळी भरायला बराच वेळ लागला.

निलेश सापडला. म्हणजे त्याची नळी सापडली. बाकीच्यांचं जे काय दिसलं त्याबद्दल बाईंनी आयुष्यात चकार शब्द काढला नाही, मीही काढणार नाही. मावशींनी बर्फाच्या डब्यातली ती नळी बघितली. आत पाण्यासारखं थोडंसं काहीतरी. "ह्यात तो हाय?" त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "त्याचं आहे. तो नाही." मावशी म्हणाल्या, "चालंल." मग त्यांनीच ती परत दिली. घरी सारखी लाइट जाते, इथंच थंडीत राहू दे, म्हणाल्या. बाईंनी नळीवर निलेशचं नाव लिहिलं. दर वर्षी तो गेला त्या दिवशी मावशी यायच्या, नळी बघायच्या, बाईंबरोबर चहा घ्यायच्या आणि जायच्या.

बाई निवृत्त झाल्या, मुलुंडला एकट्या राहायच्या, मग आजारी पडल्या. मी भेटायला जायचो. नर्सबाईंच्या आजीचं माहेर त्यांना कळलेलं होतं. शेवटी शेवटी त्या मला ओळखायच्या नाहीत. मग गेल्या. भाचीने सगळं केलं. मी स्मशानातून निघालो तो सरळ लॅबमध्ये आलो, मशीन लावलं आणि सकाळचे राहिलेले नमुने संपवले. लोक म्हणाले, रडून घे, बरं वाटेल. रडू येत नव्हतं. जेवत होतो, कामं होत होती, टीव्ही बघत होतो. कशाचंच काही वाटत नव्हतं. महिनोन्‌महिने हे असंच.

यंदा निलेशच्या दिवशी मावशी आल्या, तेव्हा बाई गेल्याचं त्यांना सांगितलं. मी नळी आणली, त्यांनी बघितली आणि मला परत दिली. मग सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "बायची ठेवलीस ना रं?"

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. लॅबमधल्या माणसाचा एक शिंतोडा जरी नळीत पडला तरी नमुना बाद होतो. म्हणून बाई टोपी घालायच्या, मास्क लावायच्या, हातमोज्यांवर हातमोजे चढवायच्या. स्वतःचा कणही कुठे सांडू नये, हीच काळजी त्यांनी जन्मभर घेतली. फ्रीझरमध्ये अख्खा किनारा होता आणि बाई कुठेच नव्हत्या.

"नाही," मी म्हणालो.

"येवढ्या लोकांची घेतली, आन् तिची कुनीच नाय घेतली?"

मी निलेशची नळी जागेवर ठेवायला फ्रीझर उघडला आणि तिथेच उभ्या उभ्या रडायला लागलो. थांबेचना. मावशी मागून आल्या. पाठीवर हात ठेवला.

"दार लाव रं," त्या म्हणाल्या, "पोराची थंडी जाते."