ज्वारीतली हिरवी साडी
ताज्या कडब्याचा वास आला की मला खर्डा गावाकडचा तो रस्ता आठवतो. सायकलच्या शर्यती मी तेव्हा नुकत्याच सोडल्या होत्या, पण पाय घरी बसू देत नसत, म्हणून फाल्गुनात रोज सकाळी एकटाच लांबवर जायचो. रस्त्याकडेच्या उभ्या ज्वारीत हिरव्या साडीतली एक बाई असायची. मी हात करायचो, तीही हात वर करायची. एके दिवशी तिथेच चाक पंक्चर झालं. जवळच्या विहिरीवर पाणी पिताना मी तिथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला म्हणालो, "तुमच्या घरातल्या बाई भल्या सकाळीच शेतात असतात." तो माझ्याकडे बघतच राहिला. "ते बुजगावणं हाय. साडी माझ्या बायकुची. दिवाळीत गेली ती." "पण त्या मला रोज हात करतात," माझ्या तोंडून निघून गेलं. तो हसला नाही, चिडलाही नाही. त्याने ज्वारीकडे मान वळवली. "मला न्हाई करत," तो म्हणाला. "उद्या आलात तर तिला सांगा, पोरीला लेकरू झालं, दोगं बी बरी हायेत." दुसऱ्या दिवशी बांधावर उभं राहून मी ते मोठ्याने सांगितलं. वारा अजिबात नव्हता, ज्वारीचं पानही हलत नव्हतं. तरी नेहमीसारखा वर गेलेला तिचा हात सावकाश खाली आला. विहिरीवरून त्याने विचारलं, "ऐकलं का तिनं?" मी "हो" म्हणालो. हे मी आजवर घरी कुणाला सांगितलेलं नाही, पण त्या "हो"बद्दल मला कधी शंकाही आलेली नाही.