सगळ्यांनी एकदम दम घेतला

ऑफिसात तिला ‘लगाम’ म्हणत. पवनचक्क्यांना ताब्यात ठेवणारा प्रोग्राम लिहिणं हे तिचं काम. वारा माजला की पाती किती वळवायची, म्हणजे खांबाला हिसके बसणार नाहीत; विजेच्या जाळ्यावर ताण आला की चक्क्यांनी किती जोर लावायचा. बाई कामाला तिखट, जिभेला त्याहून.

एका दुपारी अर्ध्या शहराची वीज गेली. सासूबाई लिफ्टमध्ये अडकल्या. वीज नियंत्रण कक्षात पाळीवर नेमके तिचे मोठे दीर होते. संध्याकाळी ते मान खाली घालून घरी आले आणि सगळ्यांबरोबर जेवायला बसले.

“काय भाऊजी, डुलकी लागली होती वाटतं?” ही म्हणाली.

घर हसलं. “मी लिफ्टचं दार बडवतेय आणि हा तिकडं घोरतोय,” सासूबाईंनी फोडणी दिली.

“सोमवारी चौकशी आहे. नोकरीवर बेतलंय,” एवढंच बोलून भाऊजी भरल्या ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या चक्क्यांचा आलेख उघडला आणि कान तापले. झालं होतं असं, की दूरचं एक वीजकेंद्र बंद पडलं. तिच्या चक्क्यांनी, शिकवल्याबरहुकूम, फिरत्या पात्यांतला वेग खर्चून जादा वीज दिली. इथवर झकास. पण खर्चलेला वेग परत यायचा तर चक्कीला दम घ्यावा लागतो. तेवढा वेळ ती वीज कमी देते. तो दम घ्यायचा क्षण हिनं सगळ्यांना एकच दिला होता. तपासणी केली होती एकाच चक्कीवर; एकटीनं दम घेतला तर कुणाला कळतंय? इथं अख्ख्या डोंगररांगेवरच्या चक्क्या एकदम बसल्या, ऐन चढावर सगळ्या गाड्यांचे बैल बसावेत तशा. भाऊजींचा हात बटणाकडं जायच्या आत जाळं कोसळलं होतं.

“आपल्याला कुणी विचारलेलं नाही,” तिचे साहेब आलेख बघून म्हणाले. “गुपचूप दुरुस्त कर.”

दुरुस्ती सोपी होती. वेळा मागंपुढं केल्या, झालं. चूक कुणाच्याही हातून होते, त्या चुकीची लाज गिळता आली असती. पण ती डुलकी? ती तिनं आपल्या तोंडानं त्या माणसाच्या गळ्यात बांधली होती, आणि घरभर हशा मिळवला होता.

सोमवारी चौकशीत ती न बोलावता गेली. रात्री, सगळे ताटांवर बसल्यावर म्हणाली, “भाऊजी जागेच होते. वीज माझ्या चक्क्यांनी पाडली. तिथं तसं सांगून आलेय.”



“मग आमच्या हसण्याचं काय करायचं?” जाऊबाईंनी विचारलं. “परत घ्यायचं?”



“पाणी दे जरा,” भाऊजी तिला म्हणाले.

ओतताना तिचं लक्ष त्यांच्या तोंडाकडं होतं, पाणी त्यांच्या ताटात सांडलं. एरवी या घरात अशा सांडण्यावर आठवडाभर टोमणे चालत. त्या दिवशी कुणी काही बोललं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.