हात हालवा, मावशी

मी नोकरीसाठी पुण्याला निघालो, तेव्हा सिंदी मेघे गावातल्या घरी आई एकटीच राहणार होती. अंगणात कॅमेरा लावला. पण इंटरनेटवरचा घराचा पत्ता सारखा बदलायचा, त्यामुळे बाहेरगावाहून काही दिसत नसे. म्हणून कायमचा पत्ता, स्टॅटिक आयपी, मागवला.

तो बसवायला आलेला माणूस अजून डोळ्यांसमोर आहे. डोक्याचा दुपट्टा सोडून त्यानं आधी राउटरवरची धूळ पुसली. आकडे पुटपुटत भरले. मग स्वतःचा मोबाइल घेऊन फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

"मावशी, कॅमेऱ्याकडं पाहून हात हालवा बरं."

आईनं लाजत हलवला.

"दिसून राह्यल्या. आता पत्ता पक्का झाला."

आईनं चहाचं विचारलं, तर "पुढच्या टायमाले घेतो" म्हणून गेला. नाव विचारायचं राहूनच गेलं.

आता रोज संध्याकाळी मी पुण्यातून अंगण पाहतो. वाळलेले कपडे काढून आत जाताना आई कॅमेऱ्याकडं हात हलवते. इकडे मीही हलवतो. परवा फोनवर तिला तसं सांगितलं.

"तुले नाई रे," ती म्हणाली. "त्या मानसाले. चहा घेतो म्हने, अन् आलाच नाई."