पिवळ्या शर्टातले भावजी

पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी रेसकोर्सवर दोन पुणी भरत. कुंपणाच्या पलीकडे सभासदांचं पुणं: टाय, हॅट, छातीवर लोंबणारे बिल्ले, आणि साहेब देश सोडून गेल्यावर इतक्या वर्षांनीही त्याच्याच नाकातून काढलेलं 'वेल डन'. अलीकडे आमचं: मंडईतले आडते, हडपसरकडचे बागायतदार, कॅम्पातले वेटर, पेन्शनीत निघालेले हेडक्लार्क. दोन्हीकडची माणसं एकाच कामासाठी आलेली असत. तिकडे त्याला खेळ म्हणत, इकडे व्यसन.

मी जात असे तो भावजींवर लक्ष ठेवायला. ताईनं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, हे काम माझ्यावर सोपवलं होतं. भावजी एका शाळेत भूगोल शिकवत. पाच फुटांना जेमतेम टेकणारी उंची, काडीसारखे हातपाय, आवाज मात्र मागच्या बाकापर्यंत पोचणारा. शाळेत त्यांनी कधी कोणाला छडी मारली नाही. चाळीत भांडण झालं तर ते खिडकी लावून घेत.

रेसच्या दिवशी ते निराळे होत. त्यांची एक श्रद्धा होती. ज्या घोड्यावर पैसे लावायचे, त्याच्या जॉकीच्या रंगाचा शर्ट घालायचा. ते काही एकटेच असे नव्हते. तिथे येणाऱ्यांपैकी निम्म्यांनी आपला लाडका जॉकी कधी जवळून पाहिलेलाच नसे. दुर्बिणीतून दिसतो तो रंगीत सदरा, टोपी आणि घोड्यावर उंचावलेली पाठ. माणूस कसा दिसतो, हे विचारलं तर कोणालाच सांगता आलं नसतं. त्या दिवशीचा फेव्हरिट होता पिवळ्या सदऱ्याचा, म्हणून भावजी पिवळा बुशशर्ट घालून आले होते. हळदीला निघालेल्या नवरदेवासारखे दिसत होते.

"भावजी, जरा जास्तच पिवळा झालाय," मी हातातल्या पुस्तकातून मान वर करून म्हणालो.

"तू वाच तुझं पुस्तक. घोड्याला कळतं."

मोठ्या कपाची शर्यत होती. बक्षीस द्यायला कोणी मोठे पाहुणे येणार होते आणि त्यांच्यासाठी रेलिंगला लागून नवा मांडव घातला होता. त्याचा पुढचा खांब झेंडूच्या माळांनी गुंडाळून वर एक पाटी लावली होती. शर्यत संपते तो खरा खांब तिथून थोडा पुढे, साधा, रंग उडालेला उभा होता. पाहुण्यांसाठी मांडव कुठे घालायचा, हे घोड्यांना किंवा जॉकींना विचारून ठरवण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

भुरभुर पाऊस होता. शेवटच्या वळणावर पिवळा सगळ्यांच्या पुढे आला. आमच्या बाजूला एकच ओरडा उठला. भावजी रेलिंगवर चढून किंचाळत होते, "चल माझ्या राजा! चल!" आणि मग झेंडूच्या खांबापाशी तो जॉकी रिकिबीत उभा राहिला. त्यानं लगाम सैल सोडला आणि चाबूक उंच करून लोकांना दाखवला. घोड्यानं पाय आवरते घेतले. मागून येणारा निळा त्याच्या बाजूनं सरकला आणि खऱ्या खांबापाशी मानेएवढा पुढे निघून गेला.

मग माझ्या शेजारचा एक पेन्शनर, मघापासून रामरक्षा पुटपुटत होता तो, अगदी शांतपणे म्हणाला, "फाडा. उभा फाडा त्याला."

पहिली खुर्ची कोणी फेकली ते सांगता येणार नाही. हरलेली तिकिटं टराटरा फाडून हवेत उडवायची, हा तिथला रिवाज. त्या दिवशी तिकिटांच्या पाठोपाठ सोड्याच्या बाटल्या उडाल्या. बुकींचे भाव लिहिलेले फळे उखडले गेले. तिकिटांच्या एका खिडकीला कोणी आग लावली. रेलिंग वाकलं आणि माणसं मैदानात घुसली. सभासदांच्या बाजूला छत्र्या उघडल्या गेल्या, बाटल्यांच्या काचांपासून टोप्या वाचवण्यासाठी. सगळ्यांत मोठा आवाज भावजींचा होता.

"हाणा त्याला! विकला गेलाय हरामखोर! धरा, बाहेर ओढा!"

"भावजी, चला इथून."

"तू गप्प बस! त्याचे पाय मोडले पाहिजेत!"

ते मैदानात उतरले. मी मागे. चिखलात एकदा ते गुडघ्यांवर पडले, उठले, पुन्हा ओरडले. तेवढ्यात हातात खुर्चीचा पाय घेतलेला एक आडदांड माणूस त्यांच्यासमोर थांबला. त्यानं खालपासून वरपर्यंत पाहिलं. चिखलानं माखलेली विजार, काटकुळा देह, पिवळा शर्ट.

"आरं, ह्योच हाय त्यो! कापडं बदलून पळतोय!"

"कोण मी?" भावजी म्हणाले. त्यांच्या आयुष्यातला तो शेवटचा शांत प्रश्न असावा, असं मला तेव्हा वाटलं.

पहिला फटका खांद्यावर बसला. दुसरा कानावर. मग ते मला दिसेनासे झाले. दिसत होते ते फक्त वर जाणारे आणि खाली येणारे हात. मी माणसं ओढत होतो, ओरडत होतो, "अहो, ते शिक्षक आहेत! शाळेत शिकवतात!"

"मग शाळा सोडून घोड्यावर कशाला बसला?" कोणीतरी म्हणालं आणि छत्रीची मूठ माझ्या दातांवर हाणली.

खालून भावजींचा आवाज आला, "मीसुद्धा हरलोय! माझेही गेलेत!"

"दाखव तिकीट!"

तिकीट कुठलं दाखवणार? त्यांनी ते सगळ्यांच्या आधी फाडलं होतं. चष्मेवाले एक गृहस्थ वाकून म्हणाले, "अहो, जरा सरका, आम्हालाही एक मारू द्या. सकाळपासून रांगेत आहोत." आणि त्यांनी खरोखरच बुटानं बरगडीत लाथ घातली. मग चष्मा सारखा केला.

पोलीस आले ते लाठ्या चालवतच आले. त्यातल्या दोन भावजींनाही बसल्या. एका हवालदारानं त्यांना बखोटीला धरून उचललं, निळ्या गाडीत फेकलं आणि मागून मलाही ढकललं. "हा दुसरा जॉकी," तो आत चढत ड्रायव्हरला म्हणाला. "दार लाव."

पहिला जॉकी आत बसलेला होता. पांढरा बनियन, खांद्यावर टॉवेल, पायांत अजून रेसचे बूट. विशीचा असेल. बाकाच्या कोपऱ्यात तो गुडघे पोटाशी घेऊन बसला होता आणि त्याचे दात वाजत होते.

गाडी निघेना. गर्दीनं तिला वेढलं होतं. दगड पत्र्यावर आपटत होते. खिडकीच्या जाळीवर चेहरे चिकटले होते आणि ते सगळे भावजींकडे पाहत होते, कारण पिवळं आत तेवढंच होतं. कोणीतरी पहारीनं जाळीचा एक कोपरा उचकटला.

भावजींनी आधी त्या पोराच्या बुटांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. त्यांना कळलं. ते जाळीकडे वळले आणि शाळेतल्या त्या आवाजात ओरडले, "मी नव्हे! हा! हा बसलाय तो! ह्याला घ्या!"

बाहेरचे चेहरे एक क्षण कोपऱ्याकडे वळले. त्या पोरानं डोळे मिटले.

मग कोणीतरी हसलं. "बघा बेट्याची अक्कल! आता त्या पोऱ्यावर ढकलतोय!"

पहार आत आली. भावजींनी उजवा हात आडवा घातला. हाड मोडल्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. ओल्या फांदीसारखा असतो. त्याच वेळी गाडीनं उसळी घेतली, समोरची दोन माणसं बाजूला फेकली गेली आणि आम्ही फाटकाबाहेर पडलो.

मग तो पोरगा म्हणाला, "गलती हो गयी, साब. तो फुलांचा खांब होता ना, मला वाटलं..."

भावजींनी डाव्या हातानं त्याच्या तोंडात मारली. मग पुन्हा. आणि पुन्हा. अर्ध्या टनाचं जनावर आवरणारा तो पोरगा हातही वर न करता बसून राहिला. हवालदार बाहेर पाहत होता. भावजींचा उजवा हात मांडीवर भलत्याच दिशेला वळून पडला होता आणि डावा चालू होता. शेवटी मी तो धरला. धरावा लागला, कारण ते आपण होऊन थांबत नव्हते.

हात प्लास्टरमध्ये घालून त्यांना घरी आणलं तेव्हा ताई दारातच उभी होती. ती रडली नाही. त्यांना बसवलं, चहा केला आणि मग विचारलं, "कोण होते ते? नावं सांगा. उद्या चौकीवर जाऊ."

"कोणाची नावं सांगू?" भावजींचे ओठ सुजले होते. "मंडईतले होते. पेठेतले होते. आपल्यासारखेच होते."

"आपल्यासारखे? एका शिक्षकाला जनावरासारखं मारतात आणि आपल्यासारखे?" ताई म्हणाली. "तुम्ही तरी कधी कोणावर असा हात उचलला असतात का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. मग त्यांनी डाव्या हातानं कप उचलायला घेतला. त्या हाताची बोटंही सुजली होती, आणि कप धरवेना.