बेटावर जाताना घरचं कॅलेंडर नेऊ नका

निघताना आईने स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरचं कॅलेंडर काढलं, गुंडाळलं आणि पिशवीत खोचलं. तेव्हाच मी अडवायला हवं होतं. पण माझं लक्ष त्याच पिशवीतल्या ठेच्याच्या बरणीकडे होतं. अंदमानला जाणाऱ्यांनो, ठेचा हातातल्या सामानात ठेवू नका. हैदराबादच्या विमानतळावर आमची बरणी काढून घेतली. आई त्या जवानाला म्हणाली, "टाकू नको रे लेकरा. तू तरी खा."

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. शेंद्र्याला शेत, आई-अण्णा तिथंच. मी नोकरीसाठी संभाजीनगरात. दोघांनी कधी समुद्र पाहिला नव्हता, म्हणून ही सहल. विमान, बोट, खोली सगळं मीच ठरवलं. तासातासाचं वेळापत्रक छापून घेतलं, तिघांना तीन प्रती. अण्णांनी त्यांच्या प्रतीत तंबाखूची पुडी बांधली.

पोर्ट ब्लेअरहून बोटीने हॅवलॉकला उतरलो. पाण्याचा रंग बघून अण्णा थबकले. "ह्यात मोरचूद (फवारणीचं निळं औषध) कालवलंय का काय?" एवढं एक वाक्य ऐकून माझे सगळे कष्ट फिटले. ते समाधान संध्याकाळपर्यंत टिकलं.

माझ्या कागदावर सूर्यास्त सहाला होता. घरी जानेवारीत तेव्हाच होतो. तीन वाजता अण्णा दारात येऊन म्हणाले, "माय, दिस कलला. निघू."

"अण्णा, तीनच वाजलेत. पडा थोडं."

साडेपाचला पश्चिमेच्या किनाऱ्यावर पोचलो तर अंधार पडत होता आणि रखवालदार शिट्ट्या फुंकून लोकांना बाहेर काढत होता. तर दुसरी सूचना: तिथं घड्याळ आपलंच चालतं, पण सूर्य पाऊण-एक तास आधी मावळतो. इतकं पूर्वेला गेल्यावर तसंच होणार. हे मला कॉलेजात येत होतं. रागारागाने तिन्ही प्रतींवर वेळ खोडून नवी लिहिली. वाटलं, झाली दुरुस्ती.

दुसऱ्या दिवशी संकष्टी. आईला शुगर आहे, तरी चतुर्थी ती कडक धरते. दिवसभरात एक केळं आणि पाणी. चंद्र बघून जेवायचं. कॅलेंडरात आमच्या गावाची चंद्रोदयाची वेळ होती नऊ दहा. आणि आमच्या हॉटेलातला स्वयंपाक साडेआठला बंद. तिसरी सूचना, हे आधी विचारून ठेवा.

साडेसातला आईचे हात थरथरायला लागले.

"आई, देवाला कळतं. दोन घास खा."

"नाय गं. चंद्र दिसल्याबिगर नाय. किती राह्यलं?"

मी कॅलेंडर उघडून बघितलं. "पावणेदोन तास."

"बसते मंग."

आठ वाजता तिच्या कपाळावर घाम आला. मी तशीच स्वयंपाकघराकडे गेले. तिथला आचारी बंगाली, भांडी आवरत होता. एक ताट सव्वानऊपर्यंत गरम ठेवा, एवढंच मागत होते.

"दीदी, साढ़े आठ के बाद गॅस बंद. ठंडा मिलेगा."

"मेरी माँ शुगर की पेशंट है!"

"तो अभी खिलाओ ना."

"अभी कैसे खिलाऊँ? चाँद नौ बजके दस मिनट को निकलता है!" असं म्हणून मी ते कॅलेंडर त्याच्या ओट्यावर आपटलं. भांडण चांगलं रंगलं. घड्याळात आठ पंचवीस झाले होते. तेवढ्यात अण्णा तंबाखू मळत हॉटेलापुढच्या किनाऱ्याकडून आले.

"कुणाशी भांडतीस?"

"अण्णा, चंद्र निघायला अजून पाऊण तास आहे आणि हे म्हणतात..."

"कोण म्हनतं पाऊण तास? कासराभर (बैलाच्या दोरीइतका) वर आलाय तो. तुझ्या आईनं पाणी बी सोडलं त्याला. तिला उचलूनच नेलं मी वाळूत."

मी धावले. नारळांच्या पलीकडे समुद्रावर पिवळा चंद्र लख्ख उभा होता आणि आई वाळूत बसून बाटलीतलं उरलेलं पाणी पीत होती. सूर्याची वेळ खोडताना चंद्राचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आभाळात बघायचं सोडून आईला मी कागदाच्या भरवशावर उपाशी बसवलं होतं.

अण्णा मागून आले. "एवढं शिकलीस, माय. वर बघायचं तेवढं राह्यलं."

आचाऱ्याने गॅस पुन्हा पेटवला. गरम डाळ-भात आला. आई म्हणाली, "ठेचा पाहिजे व्हता."

परतल्यावर कॅलेंडर पुन्हा त्याच खिळ्यावर गेलं. पुढच्या चतुर्थीला मी मुद्दाम शेंद्र्याला गेले आणि साडेसातलाच गच्चीवर चढून पूर्वेकडे बघत बसले. खालून आईचा आवाज आला, "खाली ये गं येडे, इथं त्यो कॅलेंडरापरमानंच निघतो."

"असू दे," मी म्हटलं. "बघते."