वाइन आधी कुणी चाखायची

सेलूच्या बस स्टँडवरून मी पुण्याला निघाले तेव्हा आई खिडकीपाशी उभी होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, ड्रायव्हरला विचारत होते की गाडी जेवायला कुठे थांबते. आई म्हणाली, "लोकाच्या गावात जायलीस. ताटात येईल ते खा. नावं ठिवू नको." वालूरच्या आमच्या घरात जगाचे दोनच भाग होते, आपलं आणि लोकाचं. पुणे दुसऱ्या भागात होतं.

मी वर्तमानपत्रात नोकरी धरली. भाड्याची घरं बदलत गेले. रिझोतो, लझान्या हे शब्द आधी बातम्यांत तपासले, पदार्थ नंतर खाल्ले. वाइनचंही तसंच झालं. फोनवर आई विचारायची, "काय जेवलीस?" मी पोळी-भाजी सांगायचे.

आई गेल्यावर अण्णा वालूरला एकटेच राहिले. यंदा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते माझ्याकडे आले. डोळा बरा झाला तशी त्यांनी पिशवी भरायला काढली. त्यांनी आता इथेच राहावं, असं मला हवं होतं. विचारलं की ते "बघू" म्हणत आणि विषय पावसावर नेत. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांना एका इटालियन रेस्टॉरंटमध्ये नेलं. शेवटचं विचारायचं होतं.

मी वाइनची छोटी बाटली मागवली. त्यांच्यापासून लपवायचं नाही, हे ठरवूनच गेले होते. वेटरने ती उघडली आणि रीतीप्रमाणे घोटभर ओतली. पण वयाने मोठा पुरुष म्हणून अण्णांच्या ग्लासात.

"चाखून बघा, सर."

अण्णांनी ग्लासात डोकावून पाहिलं. "एवढीच? पाव्हण्याला?"

"बिघडलेली असेल तर बदलून देतो, सर."

"आमच्याकडं पाव्हण्याला चाखायला लावत न्हाईत, दादा. चांगलं का वंगाळ ते घरच्यानं बघायचं, मग वाढायचं." त्यांनी ग्लास माझ्याकडे सरकवला. "जेवू ही घालायली. हिला इचारा."

मी घोट घेतला. वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास होता. मी म्हणाले, "छान आहे."

"तोंड वाकडं करायलीस आन छान म्हणायलीस," अण्णा म्हणाले. "दादा, न्या ही."

वेटरने वास घेतला, माफी मागितली आणि दुसरी बाटली आणली. ती चांगली होती. मी अण्णांना विचारलं, थोडी घेणार का?

"नको. जवानीत शिंदी लय पिऊन झाली."

हे मला नवीन होतं. आईला माहीत होतं का, असं मी विचारलं. ते हसले आणि रॅव्हिओलीचा तुकडा चमच्याने उचलून म्हणाले, "ह्या करंजीत सारण कमी हाय."

मग मी विचारलं, "अण्णा, इथेच राहा ना."

त्यांनी चमचा खाली ठेवला. "किती वर्सं झाली तुला हितं? अजून पाव्हण्यावानी जेवायलीस. खराब निघालं तरी गिळायलीस. मी आलो की आपण दोघं बी पाव्हणे. मग वाढायचं कुणी?"

मी बिल मागवलं. दुसऱ्या दिवशी ते वालूरला परतले.

मी वालूरला गेले की अण्णा आता आधी मला वाढतात, पाण्याचा तांब्या माझ्या हाताशी ठेवतात. तिथेही मी पाहुणीच झाले आहे. कोणी गाव विचारलं तर मी वालूर सांगते. घर कुठे, या प्रश्नावर थांबते. जिथून उठून आपण दुसऱ्याला वाढतो ते घर, असं अण्णांच्या बोलण्यावरून धरलं, तर माझं अजून कुठेच नाही.

आज समोरच्या फ्लॅटमधल्या दोघींना जेवायला बोलावलं आहे. सकाळपासून दोनदा बाजारात जाऊन आले, टेबल या भिंतीचं त्या भिंतीला लावून पाहिलं. अण्णांना अजून कळवलेलं नाही.