सोमवारची गोळी

मनगट मोडलं तेव्हा मी धड पडलेसुद्धा नव्हते. गच्चीवर वाळत घातलेली चादर ओढताना तोल गेला, हात टेकला आणि काडकन आवाज आला. प्लॅस्टर निघाल्यावर डॉक्टरांनी हाडांची तपासणी करायला लावली. हाडं ठिसूळ झालीत म्हणाले आणि आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी लिहून दिली. उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर. पुढं अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा घ्यायचा नाही.

आमचा वार ठरला सोमवार. माझे यजमान घड्याळ घेऊन समोर बसायचे. "अजून अकरा मिनिटं," म्हणायचे. मला राग यायचा. बासष्टाव्या वर्षी आपल्या पाणी पिण्यावर कुणी नजर ठेवलेली कशी आवडेल?

श्रावणातल्या एका सोमवारी वेरूळला दर्शनाला जायचं ठरलं. पुतण्या सकाळीच गाडी घेऊन मुकुंदवाडीला आमच्या घरी आला. वाटेत लघवीला उतरावं लागू नये म्हणून मी ती गोळी दोन घोटांवर गिळली आणि गाडीत पुढं बसल्या बसल्या सीट मागं पाडून डोळे मिटले. यजमान घराला कुलूप लावत होते. त्यांना काही कळलं नाही.

दौलताबादला मोठ्या जाऊबाईंना, म्हणजे पुतण्याच्या आईला, गाडीत घेतलं. घाट सुरू झाला आणि माझ्या छातीच्या मधोमध आग उठली. थुंकी गिळली तरी कळ पाठीत जाई. मी सीट सरळ केली, तरी कमी होईना.

"काय झालं?" यजमानांनी मागून विचारलं.

"छातीत दुखतंय."

यजमानांचा थोरला भाऊ, जाऊबाईंचा नवरा, छातीत दुखतंय म्हणूनच खाली बसला होता, तो परत उठला नव्हता. पुतण्यानं जागा मिळताच गाडी शहराकडं वळवली. पण खाली किल्ल्याजवळ रस्त्यावरच्या जुन्या, अरुंद दरवाज्यात वेरूळला निघालेल्या गाड्या अडकल्या होत्या. पुतण्या हॉर्नवरचा हात काढेना. जाऊबाई माझ्या खांद्याला धरून म्हणत होत्या, "डोळे मिटू नको गं. माझ्याशी बोल."

मला गोळी आठवत होती. सांगावं की नको? सांगितलं तर यजमान काय म्हणतील, याचीच लाज. आणि समजा गोळीचं नसलं, खरंच हृदयाचं असलं तर? मी गप्प राहिले. आरशात यजमानांचा चेहरा दिसत होता. ओठ पांढरे पडले होते.

दवाखान्यात ईसीजी काढला. रक्त तपासलं, ते पुन्हा काही तासांनी तपासलं. हृदय ठीक होतं. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "औषधं कोणती चालू आहेत? आज सकाळी काय घेतलं?"

मी सगळं सांगितलं. यजमान उशाशी उभे होते.

"गाडीत का नाही सांगितलंस?" एवढंच ते म्हणाले आणि बाहेर निघून गेले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

दुर्बिणीनं तपासल्यावर अन्ननलिकेत गोळी अडकून झालेल्या जखमा दिसल्या. ती गोळी कायमची बंद झाली. कित्येक आठवडे मऊ भात, दूध, फिकं वरण. जखमा भरल्यावर डॉक्टर म्हणाले, आता वर्षातून एकदा शिरेतून औषध देऊ. ताप येईल, अंग दुखेल, पण दोन-तीन दिवसांत उतरेल.

"मला नको," मी म्हणाले. "हाडं मोडायची तर मोडू देत."

यजमानांनी समजावून पाहिलं. आमच्यात बोलणंच बंद झालं. शेवटी त्यांनी जाऊबाईंना बोलावून घेतलं. त्या पाठीतून पार वाकलेल्या. खुर्चीत बसल्या तरी नजर जमिनीकडंच. चहा पिता पिता म्हणाल्या, "मी वाकत गेले तवा सगळे म्हणले, वय झालं. मला औषध हाय का, हे कुणी इचारलं बी नाय. तुला देतेत, तर तू नको म्हणतीस व्हय?"

संध्याकाळी मीच यजमानांना म्हटलं, डॉक्टरांची वेळ घ्या.

डॉक्टरांच्या नियमाप्रमाणे आधी दात तपासले, रक्त तपासलं, मग ते औषध शिरेतून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी थंडी वाजून ताप भरला. एकेक हाड वेगळं ठणकत होतं. घाबरून मी यजमानांचा हात धरला आणि या वेळी काही लपवलं नाही. कुठं दुखतंय, किती दुखतंय, सगळं सांगत राहिले. त्यांनी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितलेली तापाची गोळी दिली, पाणी पाजलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

त्यानंतर आम्ही जाऊबाईंचीही तपासणी करून घेतली. त्यांचे मणके दबले होते. पाठ आता सरळ होणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं.

"नाय झाली तर नाय," जाऊबाई म्हणाल्या. "आजून वाकू नाय, एवढं बघा."